किशोरवयातील स्वत्वाची घडण

‘मी कोण, आणि पुढे काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर किशोरवयात ज्या प्रक्रियेतून आकार घेते, तिला स्वत्वाची घडण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ ही वर्षे किशोरवयाची मानते. या काळात शरीर झपाट्याने बदलते, अमूर्त विचार जमू लागतो आणि घरच्यांच्या शब्दापेक्षा सोबत्यांचे मत जड वाटू लागते. तिन्ही गोष्टी एकदमच येतात, म्हणून हा प्रश्न याच वयात डोके वर काढतो.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतल्या पाचव्या टप्प्यात, साधारण १२ ते १८ या वयात, स्वत्व आणि भूमिकांचा गोंधळ यांची ओढाताण चालते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये या मांडणीला दोन कसोट्या लावल्या: मुलाने पर्याय चाचपले का, आणि त्यांतल्या एखाद्या पर्यायाशी तो बांधला गेला का. त्यातून चार अवस्था निघतात. काहींनी शोधही घेतलेला नसतो आणि निवडही केलेली नसते. काही घरच्यांनी दिलेली आयती ओळख पत्करतात, काही अजून शोधात असतात आणि काही शोधाअंती आपली वाट धरतात. मार्सियांच्या त्या अभ्यासात फक्त मुलगेच होते, हे विसरून चालत नाही.

शोधासाठी घराबाहेरची एखादी जागा लागते. सातारा जिल्ह्याने अशी जागा मुद्दाम उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. इथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला बसत. गावात जिच्या हातचे पाणी चालत नसे अशा जातीच्या मुलाने थापलेली भाकरी इथे सगळे खात. जन्माने चिकटलेली ओळख चौदा-पंधराव्या वर्षी रोजच्या कामातून सैल होण्याचा याहून मोठा प्रयोग महाराष्ट्रात क्वचितच झाला असेल. तो तगावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले.

याच परिसरातल्या कऱ्हाडच्या शाळेत शिक्षकांनी ‘कोण होणार’ हे लिहायला सांगितले, तेव्हा यशवंतराव चव्हाण (जन्म १९१३) यांनी कुणा थोर पुरुषाचे नाव न देता ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’ असे लिहिले, ही आठवण प्रसिद्ध आहे. १९३२ मध्ये, अजून विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, सत्याग्रहापायी ते तुरुंगात गेले.

सांगलीकडे हीच जागा तालमीने दिली. पहाटे फावड्याने हौद्यातली लाल माती उकरायची, ती मऊ करायची, मग जोर-बैठका आणि वस्तादांसमोर लढत. कुणाच्या बापाची किती एकर जमीन आहे, याला मातीत किंमत नसते. सोबत्यांची संगत बिघडवतेच असे घरोघरी धरून चालतात. पण ती संगत कुठल्या कामाभोवती जमली आहे यावर बरेच अवलंबून असते.

मुलींच्या वाट्याला मात्र हा शोधकाळ अजूनही तुटपुंजा येतो. गावची शाळा दहावीपर्यंत, पुढचे कॉलेज तालुक्याला. एसटीचा पास मोफत असला तरी संध्याकाळची गाडी चुकली की घरात प्रश्न सुरू होतात आणि दोन-चार वेळा असे घडले की ‘स्थळ बघू’ ही भाषा येते. मार्सियांच्या चौकटीत ही आयती ओळख ठरेल, पण मुलीने ती पत्करलेली नसते, ती तिच्यावर टाकलेली असते. लग्नाचे वय कायद्याने १८ आहे. त्याआधीच्या लग्नाने शिक्षण तुटते, मैत्रिणी सुटतात आणि स्वतःबद्दल ठरवण्याचा अवधीच संपतो. म्हणून मुलींचे वसतिगृह आणि वेळेवर येणारी एसटी यांची गणना स्वत्वाच्या घडणीच्या साधनांतच करायला हवी.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये दाखवले की, या वयात सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे वाटत राहते. मोबाइलने त्या भासाला खरे प्रेक्षक पुरवले. मेंदूचा नियोजन आणि संयम सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो, त्यामुळे सोबत्यांसमोर धोका पत्करण्याची ओढ या वयात अधिक असते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशनाची सोय आहे.