३५ कोटी पौंडांची लाल बस

२०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतावेळी (ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का, यावरच्या मतदानावेळी) ‘सोडा’ म्हणणाऱ्यांच्या एका लाल बसवर लिहिलं होतं: आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आरोग्यसेवेला देऊ. हा आकडा आजही बिनदिक्कत फिरतोय. मुळात एवढी रक्कम ब्रसेल्सला, म्हणजे संघाच्या मुख्यालयी, जातच नव्हती. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट आधीच वळती व्हायची. उरायचे साधारण २५ कोटी. त्यातलीही शेतकऱ्यांची अनुदानं, वेल्स-कॉर्नवॉलसारख्या मागे पडलेल्या भागांचा निधी परत ब्रिटनमध्येच यायचा. सॅलरी स्लिपवरचा ग्रॉस आकडा दाखवून ‘एवढे हातात पडतात’ म्हणण्यातला हा प्रकार! ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच ही दिशाभूल असल्याचं सांगितलं होतं. परत येणारा पैसा कशावर खर्चायचा, याची चौकट मात्र बव्हंशी संघच ठरवायचा. आपल्या पैशावर आपला ताबा नाही, या संघविरोधकांच्या तक्रारीचा तेवढा भाग खरा.