ईस्टर सोनाटा आणि 'एफ. मेंडेल्सोन'चा घोळ

पॅरिसमध्ये १९७० साली पियानो सोनाटाचं, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेचं, एक जुनं हस्तलिखित सापडलं. ए मेजर, चार भाग, साल १८२८, आणि सही 'एफ. मेंडेल्सोन'. एवढ्यावरून ते प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनच्या नावावर चढलं. दोनच वर्षांनी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली, तीही फेलिक्सच्याच नावाने.

खरं तर शंका तेव्हाच यायला हवी होती. फेलिक्सची थोरली बहीण फॅनी हिच्या डायरीत आणि घरच्या पत्रव्यवहारात एका 'ईस्टर सोनाटा'चा उल्लेख आहे, हे अभ्यासकांना ठाऊक होतं. ती सोनाटा हरवली, असंच सगळे धरून चालले होते. हरवलेली सोनाटा आणि सापडलेली सोनाटा एकच असेल, असं कुणी सुचवलं नव्हतं असं नाही. पण हस्तलिखित खासगी मालकीचं होतं, मालकाचं मत ठाम होतं आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय काही सिद्ध होणार नव्हतं. शिवाय एवढी जोरकस रचना बहिणीची कशी असेल, हा युक्तिवादही होताच. तो आज वाचवत नाही.

या प्रकरणात सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो एका अद्याक्षराने. फॅनीचाही 'एफ' आणि फेलिक्सचाही 'एफ'. १८२८ मध्ये फॅनीचं लग्न झालेलं नव्हतं. चित्रकार विल्हेल्म हेन्झेलशी तिचं लग्न ऑक्टोबर १८२९ मधलं. म्हणजे सोनाटा लिहिली तेव्हा ती 'एफ. मेंडेल्सोन'च होती, आणि सहीत खोटं काहीच नव्हतं. पुढे सूचीकारांनी कुठे तिचं माहेरचं आडनाव लावलं, कुठे सासरचं, कुठे दोन्ही जोडून. त्यात बाप्तिस्म्यानंतर कुटुंबाने घेतलेलं 'बार्टोल्डी' हे तिसरं शेपूट. एकाच बाईच्या रचना ग्रंथालयात तीन-चार नावांखाली विखुरल्या, तर त्या 'हरवतात' यात नवल नाही.

आणि हा घोळ नुसता कारकुनी नव्हता. फेलिक्सच्या ओपस ८ आणि ओपस ९ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) या गीतसंग्रहांत प्रत्येकी तीन गाणी फॅनीची आहेत, पण छापली गेली ती त्याच्या नावाने. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर गायला नेमकं 'इटालिएन' (म्हणजे 'इटली') हे गाणं निवडलं. हे माझ्या बहिणीचं, असं त्याला तिथे कबूल करावं लागलं. ते जड गेलं, असं त्यानेच घरी कळवलं.

भावाने बहिणीला दाबलं, ही मांडणी आता लोकप्रिय आहे. ती पूर्ण खोटी नाही, पण सरधोपट आहे. वडिलांनी १८२० मध्येच फॅनीला लिहिलं होतं की संगीत फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. १८३७ मध्ये आई फॅनीच्या प्रकाशनासाठी आग्रह धरत होती. तेव्हा फेलिक्सने उलट कळवलं की तिला छापण्याचा सल्ला मी देऊ शकत नाही, तिचा तो पिंडच नाही. हेच पत्र सगळे पुढे करतात. पण नवरा तिच्या प्रकाशनाच्या बाजूने होता आणि १८४६ मध्ये तिने स्वतःच्या हिमतीवर ओपस १ ची सहा गाणी छापली, तेव्हा फेलिक्सने आशीर्वादाचं पत्र धाडलं, उशिरा का होईना. पुढच्याच मे महिन्यात, बर्लिनच्या घरी रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला पक्षाघाताचा झटका आला आणि ती गेली. वय ४१. मागे साडेचारशेहून अधिक रचना, बहुतेक न छापलेल्या. 'दास यार' ही बारा महिन्यांवरची १८४१ ची पियानोमाला छापायला तर १९८९ उजाडलं.

सोनाटाचा निकाल लागला २०१० मध्ये. फॅनीवर काम करणाऱ्या एका अमेरिकन संशोधिकेला पॅरिसचं ते हस्तलिखित अखेर पाहायला मिळालं. अक्षर फॅनीचं होतं. पण खरा पुरावा पानांच्या क्रमांकांचा. फॅनीच्या हातच्या दुसऱ्या एका हस्तलिखितातून जी पानं गायब होती, नेमके त्यांचेच आकडे या कागदांवर निघाले. शैलीवरून कुणी वर्षानुवर्षं वाद घालू शकतं. फाडलेल्या पानांच्या आकड्यांशी वाद घालणं कठीण.

सोनाटा ऐकताना तिचा काळही ऐकू येतो. मेंडेल्सोनांच्या घरात तेव्हा आधीच्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याचं वेड होतं. मार्च १८२९ मध्ये फेलिक्सने बाखची 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही ख्रिस्ताच्या मृत्यूकथेवरची गायनरचना पुन्हा उभी केली, तेव्हा फॅनी गायकवृंदात होती. तिच्या सोनाटाचा दुसरा भाग फ्यूगच्या, म्हणजे एकच धून एकामागून एक स्वरावलींत उचलणाऱ्या रचनेच्या, वळणाने जातो. शेवटच्या भागात ख्रिस्ताच्या मृत्यूवेळचा भूकंप दणाणतो आणि तो शमतो 'क्रिस्टे, डू लाम गॉटेस' या जुन्या कोरालवर, म्हणजे चर्चच्या सामूहिक भजनावर.

आता 'पहिल्या प्रयोगा'चं. २०१७ च्या महिला दिनी लंडनच्या एका संगीत महाविद्यालयात ही सोनाटा फॅनीच्या नावाने वाजली, रेडिओवरून प्रसारितही झाली, आणि बातम्यांत तोच पहिला प्रयोग ठरला. प्रत्यक्षात सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ती तिच्या नावाने वाजून गेली होती. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही इतकंच. लंडनच्या बातम्यांत नाव झळकलं ते 'फॅनी मेंडेल्सोन'. १८४६ च्या मुखपृष्ठावर तिने स्वतः छापलं होतं ते वेगळंच: फॅनी हेन्झेल, माहेरची मेंडेल्सोन-बार्टोल्डी.