आडवा वारा, बर्फाळ रनवे आणि आपला पाऊस : थोडी पार्श्वभूमी

पेडणे-म्हापशाकडची काही पोरं पायलट ट्रेनिंगला कॅनडात जातात आणि हिवाळा लागला की घरी फोनवर विषय एकच, आज क्रॉसविंड (म्हणजे रनवेला आडवा येणारा वारा) किती आणि रनवेवर बर्फ किती. गोव्यात बर्फाशी कोणाचा संबंध येत नाही, म्हणून हे प्रकरण मुळात कुठून सुरू झालं ते सांगतो.

आधी आडव्या वाऱ्याचा एवढा त्रास नव्हताच. विमानतळ म्हणजे मोठं गवताचं मैदान, वारा जिकडून येतोय तिकडे तोंड करून उतरायचं. मग विमानं जड झाली, पक्के रनवे आले, आणि रनवेची दिशा एकदा ठरली की ठरली. दाबोळीचंच बघा, पोर्तुगीजांनी 1950च्या दशकात बांधला, रनवे 08/26 म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम, वारा उत्तर-दक्षिण फिरला की आडवा लागणारच.

त्या काळची छोटी विमानं बहुतेक शेपटीखाली चाक असलेली. वजन मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे टेकल्यावर जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. चाक नाकाखाली आलं तसं हे बरंच कमी झालं. 1956ची सेसना 172 हे छोटं विमान त्यातलंच, तिच्या मॅन्युअलमध्ये 15 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) क्रॉसविंड दिलाय, पण ती मर्यादा नाही, टेस्टमध्ये तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलंय एवढाच त्याचा अर्थ. बर्फावर काय होईल हे तो आकडा सांगत नाही, आणि नवीन पोरांनी हे नीट डोक्यात ठेवायला हवं.

नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून यायचं आणि टेकताना सरळ करायचं, किंवा वाऱ्याकडचा पंख खाली दाबून यायचं, या दोन्ही पद्धती जुन्याच. पण टेकल्यावर विमान सरळ राहतं ते टायरच्या पकडीवर. बर्फावर ती पकडच नाही, मग उभ्या शेपटीवर वारा आदळून नाक वाऱ्याकडे वळतं, स्पीड उतरतो तसा रडर (उभ्या शेपटीचा हलणारा भाग, नाक डावी-उजवीकडे वळवणारा) ढिला पडतो, ब्रेक लागत नाही आणि विमान तसंच कडेला सरकत जातं.

पकड किती आहे हे पूर्वी पायलटच सांगायचे, ब्रेकिंग गुड, ब्रेकिंग पुअर. पण जेटवाल्याचं पुअर वेगळं आणि सेसनावाल्याचं वेगळं. कॅनडाने रनवेवर गाडी पळवून, ब्रेक मारून पकड मोजायला सुरुवात केली आणि त्या आकड्यावरून किती क्रॉसविंड झेपेल याचा तक्ताच बनवला. अमेरिकेत 8 डिसेंबर 2005ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर बर्फात एक बोइंग 737 प्रवासी विमान रनवे सोडून थेट रस्त्यावर गेलं, कारमधला लहान मुलगा गेला, त्यानंतर तिकडे सगळी पद्धतच नव्याने बसवली. पुढे 4 नोव्हेंबर 2021पासून आयकाओने (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था) जगभर रनवेच्या पकडीची एकच मोजणी लावली : 6 म्हणजे कोरडा, 1 म्हणजे गोठलेला कडक बर्फ, 0 म्हणजे तोच बर्फ ओला.

हीच मोजणी आपल्याकडेही आहे, फक्त इथे बर्फाऐवजी पावसाचं पाणी. नुसता ओला रनवे 5, पण पाणी 3 मिलिमीटरच्या वर साचलं की थेट 2, पाणी-बर्फाच्या रबरबाटालाही हाच आकडा. कारण साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो. नासाने 1960च्या दशकात त्याचं सोपं सूत्र काढलं, टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले 9. सेसना 172च्या टायरमध्ये साधारण 29 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा धरली तर 48 नॉट येतात, आणि ती टेकते ती जवळपास तेवढ्याच स्पीडला.