क्षेत्रसर्वेक्षणातील उष्माघाती मृत्यू आणि चौकशीची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात मसाई पठारापासून राधानगरीच्या जंगलापर्यंत वनस्पतींचा किंवा खडकांचा अभ्यास करणारी पथके येतात, तेव्हा साहित्य वाहण्याचे आणि वाट दाखवण्याचे काम बहुधा गावातल्या रोजंदारीवरच्या माणसाकडे असते. असा माणूस एप्रिल-मे महिन्यांत उघड्या जांभ्यावर कोसळून दगावला, तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनाम्यात देहाची स्थिती आणि अंगावरचे कपडे लिहिले जातात; पायाखालचा कातळ किती तापला होता, हे मात्र सहसा लिहिले जात नाही.

शवविच्छेदनात उष्माघाताची खास अशी खूण सापडत नाही. म्हणूनच अमेरिकेतील न्यायवैद्यकांच्या संघटनेने 1997 मध्ये, कोसळतेवेळी शरीराचे तापमान किमान 40.6 अंश सेल्सिअस असावे, असा निकष मांडताना, अंग थंड करण्याचे प्रयत्न झाले असल्यास कमी तापमान आणि भोवतालची परिस्थितीही ग्राह्य धरली. सड्यावरून, म्हणजे अशा उघड्या कातळपठारावरून, माणसाला खाली आणताना अंगावर पाणी ओततात, आणि ते योग्यच आहे. पण तत्पूर्वी तापमान कोणी मोजलेले नसेल, तर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढाच शेरा उरण्याची शक्यता असते.

या शेऱ्यावर भरपाई अडते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामातून आणि कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली, परंतु मालकाच्या व्यवसायाबाहेरच्या नैमित्तिक कामावरील माणसाला ‘कामगारा’च्या व्याख्येतूनच वगळले. हा अपवाद 2000 च्या दुरुस्तीने गेला, म्हणजे पाऊण शतक तो टिकला. पुढे 2006 मध्ये एका वाहनावरील क्लीनरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नोकरीत असताना हृदयविकाराने मृत्यू आला एवढे पुरेसे नाही, त्या मृत्यूला कामाचा ताण कारणीभूत होता हे पुराव्याने दाखवावे लागते. तत्त्व म्हणून हे मान्य केले, तरी उन्हाच्या प्रकरणात तो पुरावा, म्हणजे ओझे किती होते, चढाई केव्हा सुरू झाली, विसावा आणि पाणी मिळाले का, हा सगळा तपशील पथकाच्या नोंदवहीत असतो आणि सिद्ध करण्याचा भार विधवेवर पडतो. ही वाटणी न्याय्य नाही.

हवामान खात्याचा मैदानी प्रदेशासाठी 40 आणि डोंगराळ भागासाठी 30 अंशांचा उंबरठा उष्णतेची लाट ठरवण्यासाठी आहे, एका माणसाच्या मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी नव्हे. 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेने उष्णतेने झालेल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी 1 जुलैपासून अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 174 कलम नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 194 झाले.