साकुराची कथा जुनी, झाड मात्र नवं

पर्वतदेव ओयामात्सुमीला दोन मुली. थोरली इवानागा, शिळेसारखी टिकणारी. धाकटी कोनोहानासाकुया, बहरासारखी देखणी. सूर्यदेवीचा नातू निनिगी पृथ्वीवर उतरला, धाकटीवर भाळला आणि त्याने तिला मागणी घातली. बापाने दोघींनाही पाठवलं. निनिगीने थोरलीला कुरूप म्हणून माघारी धाडलं. तेव्हा ओयामात्सुमीचा निरोप आला: थोरलीला ठेवून घेतली असतीस, तर तुझ्या वंशजांना खडकाचं आयुष्य मिळालं असतं. आता त्यांना फुलाइतकंच आयुष्य मिळेल.

इ.स. ७१२ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘कोजिकी’ या प्राचीन जपानी ग्रंथातली ही कथा. ते फूल कुठलं, हे मूळ कथेत कुठेच सांगितलेलं नाही. ते साकुराचं, म्हणजे चेरीचं, हे परंपरेने ठरवलं. कोनोहानासाकुया आज फुजी पर्वताची देवी म्हणून पूजली जाते. पण आठव्या शतकातल्या कवितांमध्ये साकुरापेक्षा चीनमधून आलेल्या उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलांचाच बोलबाला जास्त होता. साकुराचे दिवस त्यानंतर आले. ८१२ साली सम्राट सागा याने क्योतोत साकुराच्या बहराखाली मेजवानी दिली आणि दरबाऱ्यांना ती प्रथा आवडली. कुठल्या दिवशी फुलं पाहिली, हे ते रोजनिशीत लिहून ठेवत. यासुयुकी आओनो या जपानी शास्त्रज्ञाने त्या नोंदी चाळून क्योतोच्या बहराच्या तारखांची बाराशे वर्षांची मालिका उभी केली. २०२१ मध्ये बहर २६ मार्चला आला, इतक्या लवकर तो या संपूर्ण मालिकेत कधीच आला नव्हता. हौसेने लिहिलेल्या चार ओळी हवामानबदलाचा पुरावा ठरल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या दरबाऱ्यांनी पाहिलेला साकुरा डोंगरातला, यामाझाकुरा. त्याचं प्रत्येक झाड बियांतून आलेलं असतं, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी आठवडाभर आधी फुलतं, कुणी उशिरा, आणि फुलांसोबत तांबूस कोवळी पालवीही येते. आज फोटोंत दिसणारा, पान नसलेला फिकट गुलाबी साकुरा बहुधा ‘सोमेई-योशिनो’ असतो. एदो, म्हणजे आजच्या तोक्योजवळच्या सोमेई गावातल्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात तो लोकप्रिय केला. हा दोन जातींचा संकर. त्याच्या बियांतून तसंच झाड उगवत नाही, म्हणून तो कलमानेच वाढवतात. परिणामी देशभरातली त्याची झाडं जनुकीयदृष्ट्या एकच आहेत. त्यांच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात. हिवाळ्याची थंडी ती झोप मोडते आणि पुढची ऊब त्यांना फुलवते. थंडीउबेला सगळ्या झाडांचा प्रतिसाद सारखाच, म्हणून एका परिसरातली झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पाकळ्या सुकून लोंबत राहत नाहीत, ताज्या असतानाच गळतात.

ही एकदम झडण्याची प्रतिमा पुढे लष्कराने उचलली. मेइजी काळापासून (१८६८–१९१२) छावण्या, किल्ले, शाळा अशा ठिकाणी सोमेई-योशिनो लावले गेले. सम्राटासाठी साकुरासारखं गळून पडावं, हे मुलांना शिकवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वैमानिकासह शत्रूच्या जहाजावर आदळण्यासाठी बनवलेल्या विमानाचं नाव होतं ‘ओका’, म्हणजे साकुराचं फूल. जपानी मनाला मरण पहिल्यापासूनच प्रिय, असं या फुलावरून सांगितलं जातं तेव्हा मला राग येतो. ज्या दृश्याचा दाखला देतात, ते दृश्यच कलमी झाडाने घडवलेलं आहे.

लोककथांतला साकुरा तर उलट चिवट आहे. गिफू प्रांतातल्या नेओ खोऱ्यात ‘उसुझुमी-झाकुरा’ नावाचं झाड आहे. सम्राट केइताईने ते पंधराशे वर्षांपूर्वी लावलं, अशी आख्यायिका. त्याच्या कळ्या गुलाबी, उमललेली फुलं पांढरी आणि गळताना पाकळ्यांवर फिक्या शाईची छटा. विसाव्या शतकाच्या मध्याला हे झाड मरणपंथाला लागलं होतं. १९४९ मध्ये त्याच्या मुळांना कोवळ्या यामाझाकुराची २३८ मुळं कलम करून जोडली गेली. परक्या मुळांनी पाणी चढवलं आणि झाड वाचलं. आजही ते दर वसंतात फुलतं.

सोमेई-योशिनोपुढचं संकट वेगळं आहे. सगळी झाडं सारखी, त्यामुळे एका बुरशीने सगळ्यांनाच धोका. ‘तेंगुसु’ रोगात फांदीवर काटक्यांचा झुपका माजतो आणि तिथे फुलं येत नाहीत. म्हणून साकुराची रोपं पुरवणाऱ्या संस्थेने सोमेई-योशिनोची विक्री थांबवली आहे. त्याऐवजी ती ‘जिंदाई-आकेबोनो’ लावायला सांगते. या वाणाचं मूळ आहे अमेरिकेतून जपानला परत आलेल्या साकुरात.