स्वतःची साइट कुठे उभारायची? या प्रश्नामागची तीस वर्षं

वैयक्तिक साइट किंवा ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की वर्डप्रेस, ब्लॉगर, विक्स, स्क्वेअरस्पेस ही नावं पुढे येतात. मग थीम, म्हणजे पानांची तयार रूपं, कुणाच्या देखण्या आणि महिन्याला पैसे किती, एवढ्यावरच बहुतेकांची निवड ठरते. माझ्या मते आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: साइटचा पत्ता कुणाच्या मालकीचा असणार आहे, आणि उद्या सोडून जायचं ठरवलं तर लिहिलेलं सगळं बरोबर नेता येईल का? हे प्रश्न इतके महत्त्वाचे का, ते मागच्या तीस वर्षांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

सामान्य माणसाला फुकट जागा देणाऱ्या सुरुवातीच्या सेवांपैकी सगळ्यात गाजलेली म्हणजे १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेली जिओसिटीज. तिथे विषयवार वस्त्या होत्या. हॉलिवूड, अथेन्स, सिलिकॉन व्हॅली अशा वस्तीत एक क्रमांक मिळायचा आणि तोच तुमचा पत्ता. १९९९ मध्ये याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतली आणि लगेच नव्या अटी लावल्या. लोकांच्या पानांवरच्या मजकुरावर याहूला फार व्यापक हक्क मिळतील, अशी त्यांची भाषा होती. सदस्यांनी बहिष्कार पुकारला आणि याहूला माघार घ्यावी लागली. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता सगळी जिओसिटीज बंद झाली. जे वाचलं ते जुनी पानं जपणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने रात्रंदिवस प्रती काढून ठेवल्या म्हणून.

ब्लॉगरची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्स या छोट्या कंपनीने ते आणलं, तेव्हा ते फक्त लिहिण्याचं साधन होतं. तुम्ही ब्लॉगरवर लिहायचं आणि ते एफटीपीने, म्हणजे फाइली पाठवण्याच्या एका पद्धतीने, तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे साइट ज्या संगणकावर असते त्यावर, पान चढवायचं. फुकट ब्लॉगस्पॉट नंतर आलं आणि बहुतेकांनी तिथेच बिऱ्हाड केलं. २००३ मध्ये गूगलने पायरा लॅब्स विकत घेतली आणि मे २०१० मध्ये एफटीपीची सोय काढून टाकली. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदवलेला पत्ता, जोडता येतं, पण सर्व्हर गूगलचाच.

मराठी ब्लॉगलेखन फुललं ते मोठ्या प्रमाणावर याच ब्लॉगस्पॉटवर. त्याआधी प्रत्येक मराठी साइटचा फॉन्ट निराळा असायचा आणि तो उतरवून घेतला नाही तर वाचकाला पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसायची. विंडोज एक्सपीच्या काळात युनिकोड देवनागरी, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखी चालणारी लिपी, घरोघरी पोचली, आणि ब्लॉगरच्या साध्या चौकटीत थेट मराठी लिहिता येऊ लागलं. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर मात्र रूपांतर केल्याशिवाय ना शोधात सापडत होता, ना दुसरीकडे नेता येत होता. लेखन बरोबर नेता येण्याची अडचण मराठीला अशी दुहेरी होती.

परक्या पत्त्याचा धोका आपल्याकडे जुलै २००६ मध्ये प्रत्यक्ष दिसला. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांतच दूरसंचार विभागाने मोजक्या साइट आणि ब्लॉग बंद करण्याचा आदेश दिला. इंटरनेट कंपन्यांनी तेवढेच ब्लॉग न रोखता अख्खं ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड ही ब्लॉगसेवा आणि जिओसिटीज बंद केलं. ब्लॉगरमध्ये शिरून नवी नोंद टाकता येत होती, पण स्वतःचाच ब्लॉग उघडून वाचता येत नव्हता. ज्यांचा त्या यादीशी काडीचा संबंध नव्हता, ते केवळ पत्त्याच्या शेजारामुळे सापडले.

वर्डप्रेसचा उगम या प्रश्नाच्या उत्तरासारखा आहे. मिशेल वाल्द्रीगी यांनी ब्लॉग चालवण्यासाठी बी२ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणीही वापरू आणि बदलू शकतो असं) लिहिलं होतं, त्याचं काम थांबलं. परवाना खुला असल्यामुळे मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ लेखक बाजूला झाला तरी काम मेलं नाही, ही मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी आणि किमती बदलल्या, तेव्हा नाराज झालेले कितीतरी ब्लॉगर आपल्या नोंदी घेऊन वर्डप्रेसकडे गेले. २००५ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आली. ती आणि स्वतःच्या होस्टवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवर, बसवायचं वर्डप्रेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखे इथेच गोंधळतात.

स्क्वेअरस्पेस याच सुमाराचं, तर विक्स आणि वीब्ली २००६ चे. माउसने ओढून पान रचायचं, कोडचं नावही नको. विक्स आधी फ्लॅश या जुन्या तंत्रावर चालायचं, २०१२ मध्ये एचटीएमएल ५ या वेबच्या खुल्या भाषेवर आलं. फोटोग्राफर, छोटे व्यावसायिक यांना ही सोय खरोखर उपयोगी पडते. पण रचना आणि होस्टिंग एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की विक्सवरची अख्खी साइट उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस मजकुराचा बराच भाग वर्डप्रेसच्या साच्यात काढून देतं, रूप मात्र तिथेच राहतं. दुसऱ्या टोकाला जेकिल, ह्यूगोसारखी साधनं आहेत. त्यांत सगळं लेखन साध्या फाइलींमध्ये तुमच्याच संगणकावर असतं, पण थोडं तांत्रिक शिकावं लागतं.

डोमेनच्या बाबतीत आपल्याकडे पर्याय वाढले आहेत. २००५ पासून डॉट इन सर्वांसाठी खुलं झालं, २०१४ मध्ये देवनागरी डॉट भारत आलं. नोंदणी स्वतःच्या नावावर आहे ना, एवढं नक्की पाहावं. साइट बनवून देणारे पुष्कळदा ती आपल्याच नावावर करून ठेवतात.

हा इतिहास अजून चालूच आहे. २००३ पासून पैसे घेऊन चालणारी टाइपपॅड सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. महिनाभर आधी सूचना मिळाली होती. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं त्यांना नोंदी बाहेर काढून त्याच पत्त्यावर दुसरीकडे मांडता आल्या. ज्यांचा पत्ता टाइपपॅडचा होता, त्यांच्या हाती मजकूर राहिला, पण वीस-वीस वर्षांत इतरांनी दिलेले सगळे दुवे तुटले.