आकडा लहान म्हणजे शेती स्वच्छ?

समज असा : उत्सर्जनाच्या तक्त्यातल्या शेतीच्या रकान्यात ज्या बेटाचा इंधनाचा धूर कमी, तिथली शेती जास्त स्वच्छ.

पॅसिफिकमधले दोन फ्रेंच प्रदेश घ्या. न्यू कॅलेडोनियाचं क्षेत्रफळ सुमारे १८,५०० चौरस किमी, पश्चिम किनाऱ्यावर गुरांची मोठमोठी कुरणं. तिथे ट्रॅक्टर चालणारच. फ्रेंच पॉलिनेशियाची जमीन त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी आणि शंभरावर बेटांत विखुरलेली. त्यातल्या तुआमोतूच्या प्रवाळबेटांवर नारळ हातानं फोडून खोबरं वाळवतात. तिथे ट्रॅक्टर कशाला लागतोय? पण तेच खोबरं बोटीनं ताहिती या मुख्य बेटावरच्या तेलगिरणीत जातं, आणि बोटीचं डिझेल जलवाहतुकीच्या खात्यात पडतं. शेतीचा रकाना कोराच! उलट मासेमारीचं इंधन बऱ्याच तक्त्यांत शेतीसोबतच मोजलेलं असतं.

म्हणून आधी रकान्यात काय काय धरलंय ते वाचा. मग एकूण आकड्याला लागवडीच्या हेक्टरांनी किंवा उत्पादनाच्या टनांनी भागा. आकडा डिझेलच्या लिटरमध्ये असेल तर २.७ नं गुणा, कार्बन डायऑक्साइड साधारण तितके किलो. (लिटरभर डिझेलचं वजन किलोहून कमी, मग धूर जड कसा? जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो.)